सायकलवरून रेवदंडा आणि कोर्लई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे चार माणसांत उभे राहायचे म्हटले की पोटात गोळा येतो. पण चिटणीस ताईंनी बजावले, “तुम्ही पाच जणी सायकली घेऊन कुठे गेला होतात ते एकदा सांगून टाका, लोक काहीही बोलतात.” ते खरेच आहे. कोणी म्हणते आम्ही गोव्याला गेलो होतो. कोणी म्हणते, आपली देवळे ओस पडली होती म्हणून या बाया ख्रिस्ती लोकांची चर्चे बघायला गेल्या. गोव्याला आम्ही गेलो नव्हतो. दुसरी गोष्ट मात्र खरी आहे.

आधी सायकलचे सांगते. आपल्या कळंबोलीत सायकल चालवणे किती सुखाचे आहे हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. एका बाजूला लोखंड बाजार, दुसऱ्या बाजूला शीव-पनवेल रस्ता, तिसऱ्या बाजूला पुण्याचा द्रुतगती मार्ग. सळया भरलेला ट्रेलर शेजारून गेला की हँडल आपोआप थरथरते. म्हणून मी एकेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकले ती पहाटे, मैदानात, मुलांचे क्रिकेट सुरू होण्यापूर्वी. शेजारच्या वहिनींनी मागून सीट धरली आणि कधी सोडली ते मला सांगितलेच नाही. हसू नका. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथे १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेत बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली आणि लाखावर बाया सायकलवर बसल्या. त्यांत शेतमजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या. त्यांना जमले, मग आम्हांला का जमू नये?

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोन दिवसांचा बेत केला. पाच सायकली ओळखीच्या टेंपोतून अलिबागला पाठवल्या आणि आम्ही पनवेलच्या स्टँडवरून एस.टी.ने गेलो, कारण वडखळपर्यंतच्या रस्त्यावर सायकल घालायची म्हणजे जिवाशी खेळ. अलिबागहून रेवदंडा सतरा-अठरा किलोमीटर. रस्ता सपाट आहे. दोन्ही बाजूंनी नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून मधून विहिरी, आणि सावली अशी की दहा वाजेपर्यंत पदर डोक्यावर घ्यावा लागला नाही. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि तो समोरून आला तर पायडल मारताना घाम निघतो. तेव्हा सकाळी सहाला निघावे हे उत्तम. ताशी आठ-दहा किलोमीटर एवढीच आमची चाल. त्या चालीत कुणाच्या घरी भाकऱ्या चालल्या आहेत ते वासावरून कळते. जागोजागी पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या. हा अलिबागचा कांदा गोड असतो आणि त्याला आता सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आमच्यातल्या एका काकूंनी पहिल्याच थांब्यावर दोन माळा हँडलला अडकवल्या आणि दोन दिवस त्यांची सायकल बाजाराच्या पिशवीसारखी दिसत होती.

पहिला मुक्काम वाटेतल्या आक्षीला, तासभराचा. तिथे एक शिलालेख आहे. इ.स. १०१२ चा, म्हणजे हजार वर्षांहून जुना. शिलाहारांच्या काळातला आणि मराठीतला. आपल्या भाषेच्या अगदी जुन्या लेखांपैकी तो एक. आम्हांला त्यातले अक्षर लागले नाही हे उघडच आहे. पण ज्या भाषेत मी रोज दूधवाल्याशी भांडते ती भाषा हजार वर्षांपूर्वी कुणी दगडावर कोरली, असे मनात आले आणि मी त्या दगडाला हात जोडले. बरोबरच्या म्हणाल्या, “अहो, हा देव नाही.” म्हटले, असू दे.

नागाव, चौल ओलांडून रेवदंड्याला पोचलो. चौल हे फार पुराणे बंदर. १४६९ साली निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी इथे उतरला होता. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज आले, त्यांनी रेवदंड्याला वखार घातली, मग कोट बांधला. गंमत अशी, की हा कोट बघायला कुठे चढावे लागत नाही. रस्ताच कोटाच्या दारातून आत जातो आणि आत गाव आहे! घरे आहेत, वाड्या आहेत आणि वाड्यांच्या मधोमध जुन्या चर्चांच्या भिंती उभ्या आहेत. छप्पर नाही, घंटा नाही, कमानीतून वडाच्या पारंब्या उतरलेल्या. फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंच्या मठाचा एक मनोरा आहे, त्याला लोक सातखणी म्हणतात. वरचे मजले केव्हाच पडले, तरी तो दुरून दिसतो आणि सायकलवाल्याला वाट विचारावी लागत नाही. संत फ्रान्सिस झेवियर यांनी इथे प्रवचन केले होते असे सांगतात.

एका वाडीतल्या आजींनी अशाच पडक्या भिंतीच्या आडोशाला सुपारी वाळत घातली होती. मी विचारले, “आजी, इथे कसली भीती नाही वाटत?” त्या म्हणाल्या, “देवाचं घर ते. भीती कसली?” आमच्यावर आक्षेप घेणाऱ्यांसाठी हे उत्तर मी मुद्दाम लक्षात ठेवले आहे. आणखी एक सांगते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चांतल्या घंटा मराठ्यांनी आणून आपल्या देवळांत टांगल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला त्या अजून आहेत. आपल्यापैकी कितीजणींनी भीमाशंकरला जाऊन ती घंटा भक्तिभावाने बघितली असेल! घंटा चालते, मग तिचे माहेर बघितले तर काय बिघडले?

दुसऱ्या दिवशी पहाटे कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून साळावला गेलो. पुलावर मात्र उतरलो आणि सायकली हातात धरून चाललो, कारण पलीकडे पोलादाचा कारखाना आहे आणि त्याच्या गाड्या येत-जात होत्या. आम्ही कळंबोलीच्या बाया, लोखंडाने तिथेही आमचा पिच्छा सोडला नाही! साळावपासून चार-पाच किलोमीटरवर कोर्लई. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, रस्त्यावर चिटपाखरू नाही. डोंगराच्या सोंडेवर किल्ला आहे. अहमदनगरच्या निजामशहाने १५९४ साली तिथे बांधकाम काढले आणि त्याच वर्षी पोर्तुगिजांनी ते घेतले. दीपगृहाजवळून वर वाट जाते. आम्ही तिघी वर गेलो, दोघींनी गुडघ्यांच्या नावाने खाली बसणे पसंत केले. वरही एक छप्पर नसलेले चर्च आहे, पण किल्ल्याचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचे आहे ते खालच्या गावाचे.

कोर्लईत कोळी आहेत, आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांची वस्ती आहे. त्यांचे चर्च माऊंट कार्मेलच्या मातेचे. ते पडके नाही, नांदते आहे. स्वच्छ झाडलेले अंगण, आत फुले. आम्ही चपला बाहेर काढून गेलो, कुणी हटकले नाही. बाहेर आलो तर एका ओट्यावर दोघी म्हाताऱ्या वाल सोलत बसल्या होत्या आणि आपसांत बोलत होत्या. कान देऊन ऐकले. मराठी नव्हे, कोकणी नव्हे, काही लागेना! चाल मात्र आपल्याच बोलण्यासारखी. मी सायकल कुंपणाला टेकवली आणि विचारले. त्यांनी चोख मराठीत उत्तर दिले, “ही नो लिंग. म्हणजे आमची भाषा.”

भगिनींनो, ही भाषा पोर्तुगिजांपासून झालेली आहे. १७४० साली पोर्तुगिजांनी चौल मराठ्यांना सोडून दिले आणि ते निघून गेले. ही माणसे मागे राहिली. राज्य गेले, पण भाषा या वस्तीत तशीच राहिली. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ, चहूकडे मराठी असताना! तिला लिपी नाही, शाळा नाही, पुस्तके नाहीत. आज ती बोलणारे हजाराच्या आतबाहेर असतील. परदेशातून विद्वान येऊन तिचा अभ्यास करून गेले आहेत. कुणी टिकवली? मला तर दिसले ते ओट्यावर वाल सोलताना. आपल्याही घरात पोर्तुगीज कमी नाहीत बरे का. पाव, बटाटा, चावी, बादली, घमेले, पगार हे सगळे शब्द त्यांचेच. मी त्यांना हे म्हटले तर दोघी मनमुराद हसल्या आणि एकीने सोललेले वाल माझ्या ओंजळीत घातले.

मग मी विचारले, नातवंडे बोलतात का? म्हातारी जरा थांबली. म्हणाली, “आम्ही बोलतो यात, तो जाब देतो मराठीत. शाळेत जातो ना. प्रार्थनाही आता मराठीत असते.” नातू समोरच खेळत होता. तिने त्याला हाक मारून काही सांगितले, त्याने “आलो गं” म्हटले आणि आला नाही.

त्या वेळी मी गप्प बसले, पण माझे लक्ष उडाले. मी मूळ कळंबोली गावची, आगऱ्याची मुलगी. १९७० साली सिडको झाली आणि पुढे आमच्या भातशेतीवर तुमचे-आमचे सेक्टर उभे राहिले. शेती गेली, मिठागरे गेली, त्याचे दुःख आमच्या वडीलधाऱ्यांनी केले. बोलीचे कुणी केले नाही. मी घरात ‘मला’ला ‘मना’ म्हणते, ‘पाणी’ला ‘पानी’, ‘गाडी’ला ‘गारी’. मुलीच्या मैत्रिणी आल्या की ती हळूच खुणावते, आई, नीट बोल. नीट म्हणजे काय, हे मी तिला आजवर विचारले नव्हते. कोर्लईहून आल्यावर विचारले. ती म्हणाली, “पुस्तकातल्यासारखं.” मी म्हटले, आक्षीच्या दगडावर कोरणाराही कुणाच्या तरी घरातलेच बोलत असेल. तेव्हापासून मी तिच्याशी आमच्याच बोलीत बोलते आणि ती मला पुस्तकी मराठीत उत्तर देते. बघू या, आधी कोण दमते.

हे भाषण मी पुस्तकी मराठीतच करते आहे, कारण चिटणीस ताईंनी लिहून घेताना तसेच लिहिले. ते असो.

आता हिशेबाचे. टेंपो, एस.टी., नागावच्या घरगुती खानावळीतली एक रात्र आणि जेवण, सगळे पाच जणींनी वाटून घेतले. मंडळाचा एक पैसा खर्च झाला नाही, हे खजिनदारबाईंनी ऐकून ठेवावे. बरोबर हवेचा पंप, पंक्चरचे सामान, गूळ-शेंगदाणे आणि दोन बाटल्या पाणी असले की पुरे. साडी नेसून चालवायची असेल तर चेनवर झाकण असलेली सायकल घ्यावी. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी कमरेला बांधावी.

पुढची सफर वसईची करण्याचे मनात आहे. पनवेलहून वसईला रेल्वे जाते. तिथे किल्ला आहे, किल्ल्यात चर्चे आहेत. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकीला हुतात्मा झाले, त्यांचे नाव तिथे घरोघर आहे. जवळच नंदाखाल गाव. मराठी साहित्य संमेलनाचे २०२० सालचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथलेच, ते २०२४ साली वारले. तिथल्या ख्रिस्ती बायका घरात कसली मराठी बोलतात ते मला ऐकायचे आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत माझ्याकडे नावे द्यावीत. टेंपोत आठच सायकली मावतात आणि तीन नावे आधीच आली आहेत, त्यांत एक माझ्या सासूबाईंचे आहे. त्या सायकल चालवणार नाहीत, टेंपोत पुढे बसणार आहेत.