नोंदणी विचारा



मनाचं दुखणं घेऊन आपण एखाद्या तज्ज्ञाकडे जातो…
पण त्यांचं शिक्षण काय, हे विचारायला संकोचतो.

संकोचू नका. नोंदणी विचारा.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं,
तर मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण लागतं.
पण तेवढ्यावर भागत नाही.
पुढे रुग्णांसोबतचं प्रशिक्षण हवं.
त्यासाठीची रुळलेली वाट अनेक वर्षं होती, दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल.

खरी घडण या प्रशिक्षणातच होते.

ओपीडीत शिकाऊ मुलगी रुग्णासमोर बसते.
झोप लागते का?
जेवण जातं का?
घरी कोण कोण असतं?

मध्येच रुग्ण गप्प होतो…
ती घाई करत नाही. थांबते.
मग सगळं लिहून वरिष्ठांना दाखवते.
मला वाटतं, हे थांबणंच शिकायला सर्वांत अवघड.

त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी.
१९९२ च्या कायद्यानुसार ती आवश्यक आहे.

‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाकडे ही नोंदणी असतेच, असं नाही.
म्हणून पुन्हा सांगते, नोंदणी विचारा.
नोंदणी नसेल, तर शिक्षण कुठे झालं, प्रशिक्षण कुणाच्या हाताखाली घेतलं, हे विचारा.
तो आपला हक्कच आहे.

औषधं मात्र मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडूनच घ्यायची.

आणि आत्ता, या क्षणी कुणाशी बोलावंसं वाटत असेल,
तर सरकारची टेली-मानस सेवा आहे.
मोफत. मराठीतूनही.

नंबर लिहून घ्या, १४४१६.
पुन्हा सांगते…
एक, चार, चार, एक, सहा.