बर्फाच्या गांवांतली शिदोरी

खेडें म्हटलें कीं मराठी श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें शिवार, पाणवठा, देऊळ आणि चावडी हीं उभीं राहतात. कॅनडाच्या पश्चिम टोंकास, व्हँकूव्हर शहराच्या उत्तरेस सुमारें सवाशें किलोमीटरांवर, व्हिस्लर नांवाचें जें स्थळ आहे त्याच्या मध्यवस्तीसहि तेथील लोक खेडेंच म्हणतात. परंतु त्या खेड्यांत नांगर नाहीं कीं गोठा नाहीं. तेथें पीक येतें तें बर्फाचें, आणि त्या पिकाच्या सुगीला जगभरचे लोक स्वतःच्या खर्चानें येतात. पायांस लांब, अरुंद पट्ट्या जखडून डोंगराच्या उतारावरून घसरत येणें, या खेळास स्कीइंग म्हणतात. त्या खेळावर जगणाऱ्या या गांवीं भर दुपारीं माणसें काय खातात आणि तें त्यांना कोण करून देतें, हा या भाषणाचा विषय होय.

हा मुलूख मूळचा स्क्वामिश आणि लिलवाट या आदिवासी राष्ट्रांचा. १९१४ सालीं तेथवर आगगाडी पोंचली, आणि त्याच सुमारास ॲलेक्स व मर्टल फिलिप या दांपत्यानें अल्टा सरोवराच्या कांठीं रेनबो लॉज हें विश्रांतिगृह काढलें. पाहुणे उन्हाळ्यांत मासे धरावयास येऊं लागले. डोंगराचें नकाशांतील नांव लंडन पर्वत असें होतें; तेथील मार्मट नामक प्राणी शीळ घालतात, त्यावरून पुढें व्हिस्लर हें नांव रूढ झालें. १९६६ सालीं स्कीइंग सुरू झालें, १९७५ सालीं नगरपालिका आली, आणि त्या दशकाच्या शेवटीं हल्लींची बाजारपेठ बांधण्यास प्रारंभ झाला. ज्या जागीं ती बांधली तेथें तोंवर गांवाचा कचरा पडत असे व अस्वलें तो उकरीत असत. उकिरड्याचाहि बारा वर्षांनीं पांग फिटतो म्हणतात. येथें तो अक्षरशः फिटला. एल्डन बेक या आराखडेकारानें मोटारी बाहेर ठेवून वळणावळणाच्या पायवाटा आंखल्या. आज गांवची वस्ती सुमारें चौदा हजार, आणि वर्षाकाठीं येणारे पाहुणे वीस लाखांहून अधिक!

असल्या गांवांत जेवणाच्या जागा पुष्कळ असतात, आणि त्यांतील कित्येक अशा कीं दरपत्रक वाचूनच भूक मंदावावी. त्यांच्या गर्दींत जें लहानसें दुकान दुपारीं सर्वांत अधिक भरतें त्यास डेली म्हणतात. हा डेलिकॅटेसन या शब्दाचा संक्षेप. शब्द जर्मन, त्याचें मूळ फ्रेंच, आणि अर्थ रुचकर जिन्नस असा. एकोणिसाव्या शतकांत जर्मन लोकांनीं व त्यांच्यामागून पूर्व युरोपांतील यहुद्यांनीं हीं दुकानें अमेरिकेंत नेलीं. न्यूयॉर्कमधील कॅट्झ यांचें दुकान १८८८ पासूनचें, तर कॅनडांतील माँट्रियल येथील श्वार्ट्झ यांचें १९२८ पासूनचें आहे. त्यांची ख्याति आहे ती गुरांच्या छातीच्या मांसाबद्दल. तें मीठ, मिरीं, धने व लसूण यांत कित्येक दिवस मुरवितात, धुरावर धरतात आणि शेवटीं वाफेवर मऊ करतात. आपल्याकडील अनेकांस हा पदार्थ वर्ज्य आहे हें खरें. परंतु ज्या गरजेंतून आपली आंबोशी निघाली आणि कोंकणांतला सुका बोंबील निघाला, त्याच गरजेंतून तोहि निघाला आहे. हातीं आलेलें अन्न टिकवावयाचें, ही गरीब घरची विद्या श्रीमंतांच्या क्रीडाग्रामांत जाऊन बसली, एवढेंच. शाकाहारी मनुष्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. चीज, काकडी, टोमॅटो, भाजलेल्या भाज्या आणि हरभऱ्याच्या जातीच्या काबुली चण्यांचें वाटण घालून त्याचेंहि उत्तम भागतें.

पद्धत अशी. गिऱ्हाइकानें रांगेंत उभें राहावयाचें. पाव कोणता, राय धान्याचा काळसर कीं आंबवलेला आंबटसर, आंत काय, ऊन करावयाचें कीं गारच, हीं उत्तरें झटपट द्यावीं लागतात, कारण मागें हेल्मेट काखेंत मारून, टणक बूट फरशीवर आपटीत माणसें तिष्ठत असतात. घाई उगीच नसते. हिंवाळ्याचा दिवस आंखूड. डिसेंबरांत दुपारीं तीनलाच पाळणे थांबतात. दिवसभराच्या तिकिटास ऐन हंगामांत दोनशें डॉलरांहून अधिक पडतात, तेव्हां मेजावर घालविलेला प्रत्येक तास महागांत जातो. अठराव्या शतकांतील सँडविचच्या उमरावानें पानांच्या डावावरून उठावें लागूं नये म्हणून हा पदार्थ मागविला अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, येथील गिऱ्हाइकाचा हेतु त्याच जातीचा असतो. कागदांत गुंडाळलेली ही शिदोरी खिशांत घालून तो पुन्हा वर जातो. २००८ सालीं दोन शिखरांच्या दरम्यान जो ४.४ किलोमीटर लांबीचा तारमार्ग झाला, त्यावरील अकरा मिनिटांच्या प्रवासांत तिचा अर्धा भाग सहज संपावा.

ती खिशांत भिजूं नये यासाठीं कौशल्य लागतें. लोणी किंवा मोहरीची चटणी पावाच्या अगदीं कांठापर्यंत लावावी लागते. त्या थरामुळें टोमॅटोचें पाणी पावांत उतरत नाहीं. मांस तंतूंच्या आडवें कापलें तरच दांतांखालीं तुटतें. हें करणारे हात बहुधा विशी-पंचविशीचे असतात. ऑस्ट्रेलियांतून, इंग्लंडांतून कामाचा परवाना घेऊन आलेले. आणि पैसे देतांना लहानसें यंत्र गिऱ्हाइकापुढें सरकवून शेंकडा पंधरा, अठरा कीं वीस बक्षिसी देणार, असें विचारलें जातें. रांगेंत उभें राहून स्वतःच पुडकें उचलणाऱ्यास हा प्रश्न चमत्कारिक वाटतो खरा, परंतु पलीकडच्या बाजूचा हिशेब पाहिला म्हणजे तो तितका चमत्कारिक राहत नाहीं.

ब्रिटिश कोलंबियांत किमान वेतन जून २०२५ मध्यें तासाला १७.८५ डॉलर झालें. एका भरगच्च सँडविचची किंमत, करांसह, त्याच्या आसपासच जाते. म्हणजे किमान वेतनावर तें करणाऱ्यानें तें विकत घ्यावयाचें तर एक तास राबावें. पोटाची ही गोष्ट झाली. डोक्यावरच्या छपराची गोष्ट याहून बिकट आहे. तेथील घरें जगांतील धनिक सुटीसाठीं घेतात, आणि वर्षांतून कांहीं आठवडे वगळतां त्यांतलीं पुष्कळशीं मोकळीं पडतात. जें गांव आपला पाव कापणाऱ्यास निजावयास जागा देऊं शकत नाहीं, तें गांव कसलें, तो नुसता मांडव! नगरपालिकेस ही गोष्ट उमगली, हें तिच्याकडून कबूल केलें पाहिजे. १९९७ सालीं तिनें गृहनिर्माणाची स्वतंत्र संस्था स्थापिली आणि गांवांत काम करणाऱ्यांपैकीं निदान शेंकडा ७५ लोकांस गांवांतच घर मिळावें असें उद्दिष्ट ठेविलें. या घरांत कामकऱ्यांनींच राहावें व तीं बाजारभावानें विकूं नयेत असे निर्बंध घातले. २०१० च्या हिंवाळी ऑलिंपिकसाठीं चीकामस येथें खेळाडूंचा निवास बांधला होता, तोहि सामने संपल्यावर स्थानिकांच्या वस्तीकडे लाविला. तरीहि प्रतीक्षायादी लांबच राहिली आहे. कोणी एका खोलींत चौघे राहतात, कोणी मोटारव्हॅनमध्यें निजतात, तर कोणी उत्तरेस पेम्बर्टन किंवा दक्षिणेस स्क्वामिश येथून रोज ये-जा करतात.

पाळणे थांबल्यावर गर्दीची दुसरी लाट येते. ती कॉफी व सूप मागते. मग चाकू धुतले जातात, लांकडी पाट मिठानें घांसला जातो, आणि पावाचे उरलेले कांठ बाहेरच्या लोखंडी पेटींत पडतात. त्या पेटीस अस्वलाला उघडतां येऊं नये अशी खिटी असते, कारण जुन्या उकिरड्याची आठवण त्यांच्या वंशजांना नसली तरी वासावरून तीं वसंत ऋतूंत अजून येतात. खिटी लावून झाल्यावर कामावरचा मुलगा टोपी कानांवर ओढतो आणि पेम्बर्टनच्या बसकडे धांवतो.