मोटारीचा श्वास

मोटारगाडी पेट्रोलवर चालते असें सर्वसामान्य मत आहे. तें अर्धेंच खरें होय. एक लीटर पेट्रोल पूर्णपणें जळावयास सुमारें ११ किलो, म्हणजे जवळजवळ ९,००० लीटर, हवा लागते. टाकींत पेट्रोल किती उरलें हें मालक रोज पाहतो. परंतु ही हवा कोठून येते आणि येतांना आपल्याबरोबर काय आणते, याची विचारपूस क्वचितच होते.

अलीकडे कारखान्याची मूळ नळी आणि फिल्टरची बंद पेटी काढून, त्या जागीं बाजारांत मिळणारी रुंद, चकचकीत धातूची नळी व तिच्या टोकास शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसविण्याची हौस तरुण मंडळींत दिसून येते. पुण्यामुंबईच्या डांबरी रस्त्यांवर ती कदाचित् खपून जाईल. परंतु तीच गाडी घेऊन कुटुंब औंढा नागनाथाच्या दर्शनास किंवा नामदेवांच्या नर्सीस निघालें, म्हणजे या हौसेची खरी परीक्षा होते.

परभणीपासून १ मे १९९९ रोजीं वेगळा झालेला हिंगोली जिल्हा हा काळ्या जमिनीचा मुलूख. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो, शेतांना भेगा पडतात आणि मुरुमाच्या आडरस्त्यांवर पुढच्या गाडीनें उडविलेली धूळ बराच वेळ हवेंत तरंगत राहते. इंजिनास श्वास घ्यावयाचा तो याच हवेंतून.

पहिला विचार उष्णतेचा. हवा तापली कीं विरळ होते. बाहेर ४० अंश असतां बॉनेटखालील हवा ७० अंशांपर्यंत सहज जाऊं शकते, आणि ७० अंशांची हवा ४० अंशांच्या हवेपेक्षां सुमारें ९ टक्के विरळ असते. उघडा फिल्टर इंजिनाच्या शेजारीं ठेवल्यास तो हीच तापलेली हवा ओढतो. कारखान्याची पेटी बहुधा पुढील जाळीजवळून बाहेरची हवा घेते. म्हणजे शक्ति वाढविण्याकरितां पैसे मोजावे आणि शक्ति घटावी, असा विपरीत प्रकार घडतो. तथापि मालकाचें समाधान होतें, कारण आवाज वाढलेला असतो! मूळ नळीस जोडलेल्या पोकळ्या हवेच्या ओढीचा आवाज गिळून टाकतात. त्या काढल्या कीं इंजिन गुरगुरूं लागतें. गुरगुरणें म्हणजे बळ नव्हे.

दुसरा व अधिक महत्त्वाचा विचार धुळीचा. रस्त्याच्या धुळींत गारेचे सूक्ष्म कण असतात, आणि गार ही ओतीव लोखंडाहून कठीण आहे. हे कण आंत शिरले कीं तेलांत मिसळून सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा कानशीप्रमाणें घासतात. मग इंजिन तेल खाऊं लागतें, धूर ओकतें व अवेळीं खोलावें लागतें. दुसऱ्या महायुद्धांत माल्टा व उत्तर आफ्रिका येथील स्पिटफायर विमानांच्या नाकाखालीं व्होक्स नांवाची अवजड गाळणी बसविली जात असे. तिनें विमानाचा वेग घटे. तरीहि वाळूनें इंजिनाचा घात होण्यापेक्षां ती घट पत्करली गेली. ज्यांचे प्राण वेगावर अवलंबून होते त्यांनीं हा सौदा मान्य केला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

इतकें असूनहि नळी बदलावयाचीच असेल, तर काम सावकाश व नीट व्हावें. इंजिन पूर्ण गार झाल्यावर बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी. मूळ नळी काढतांच थ्रॉटलचें उघडें तोंड स्वच्छ फडक्यानें झांकावें, म्हणजे आंत क्लिप किंवा स्क्रू पडणार नाहीं. नवी नळी चढविण्यापूर्वीं तें फडकें आठवणीनें काढावें. पुष्कळ गाड्यांत हवेचें मोजमाप करणारा सेन्सर असतो. तो बाणाची खूण हवेच्या वाहण्याच्या दिशेस ठेवून बसवावा, आणि त्या ठिकाणीं नव्या नळीची आंतील रुंदी मूळ नळीइतकीच असावी. नाहीं तर सर्व मोजमाप चुकतें. तेल लावावयाचा कापडी फिल्टर असल्यास तेल बेतानेंच लावावें, कारण जास्तीचें तेल सेन्सरवर जाऊन बसतें. इंजिनाच्या वाफेची बारीक नळी पूर्ववत् जोडावी. रबराचा प्रत्येक जोड क्लिपनें घट्ट करावा. फिल्टरच्या पुढें कोठें फट राहिली, तर तेथून न गाळलेली धूळ थेट आंत जाते; मग फिल्टर कितीहि उंची असला तरी व्यर्थ.

तिसरें भय पाण्याचें. थंड हवा मिळावी म्हणून कांहीं जण नळीचें तोंड बंपरजवळ खालीं नेतात. पावसाळ्यांत कयाधू किंवा एखादा ओढा रस्त्यावर आला असतां त्या तोंडांतून पाणी शिरतें. पाणी हवेसारखें दाबलें जात नाहीं. पिस्टन वर येतांच कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यांत गाडी बंद पडल्यास पुन्हां स्टार्टर मुळींच मारूं नये. ती ओढून काढावी आणि आधीं फिल्टर उघडून पाहावा.

सारांश, रोजच्या वापराच्या गाडीस मूळ बंद पेटी, तिच्यांत वेळेवर बदललेला फिल्टर आणि तडा न गेलेली नळी, एवढेंच पुरेसें आहे. हिंगोलीसारख्या प्रवासाहून परतल्यावर पेटीचें झांकण उघडून पाहावें; फिल्टरवर बसलेली धूळ मालकास सांगेल कीं, तो नसता तर काय झालें असतें. श्वास मोठ्यानें घेण्यापेक्षां तो स्वच्छ घेणें, हेंच माणसाप्रमाणें इंजिनाच्याहि दीर्घायुष्याचें साधन होय.