नोकरीचा अर्ज आणि आपले नाव



नोकरीसाठी स्वतःची माहिती कशी लिहावी, हा विषय मजकडे सोपविण्यात आला आहे. ऐकताना तो लहान वाटतो, परंतु जव्हार-मोखाड्याच्या मुलामुलींना तो लहान नाही. आपल्या भागात रेल्वे नाही. नोकरी म्हणजे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, वाड्याकडचे कारखाने, नाहीतर त्र्यंबकच्या रस्त्याने नाशिकचे सातपूर-अंबड. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, जिल्ह्याचे ठिकाण ठाण्यापेक्षा जवळ आले हे खरे. तरीही एस.टी.ने तेथे जाऊन येण्यात दिवस जातो व त्या दिवसाची मजुरी बुडते. जेथे माणूस सहज जाऊन उभा राहू शकत नाही, तेथे त्याचा कागद आधी जातो. त्या कागदाविषयी चार गोष्टी सांगतो.

या कागदाला आपण ‘बायोडाटा’ म्हणतो आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. आपल्या घरांत बायोडाटा म्हटला की लग्नाचा कागद आठवतो. मग नोकरीच्या कागदावरही उंची, रंग, वडिलांचा धंदा, मामांचे गाव, बहिणी किती व त्यांपैकी विवाहित किती, हे सारे येते. कारखान्याच्या साहेबाला तुमच्या मामांशी काही कर्तव्य नसते. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात : हा मुलगा काय करू शकतो, ते कोठे शिकला, आणि त्याला बोलावयाचे तर कसे बोलवावे. सरकारी भरतीचा अर्ज ठरलेल्या नमुन्यात असतो. त्यात जात, प्रवर्ग, जन्मतारीख जे विचारले असेल ते तंतोतंत भरावे. खासगी नोकरीच्या कागदावर मात्र धर्म, जात, वैवाहिक स्थिती व आधार क्रमांक लिहिण्याचे कारण नाही. आधार क्रमांक तर नकोच. तो कागद पुढे कोणाच्या हातात पडेल हे आपल्याला ठाऊक नसते.

दुसरा घोटाळा संगणकाच्या दुकानात होतो. दुकानदार भला माणूस असतो, पण घाईत असतो. त्याच्यापाशी एक जुना नमुना असतो, त्यात तो फक्त नाव बदलतो. परिणामी एकाच गावच्या दहा मुलांचे ‘जीवनातील ध्येय’ शब्दशः एकच निघते, आणि कधी कधी वडिलांचे नावही आधीच्या गिऱ्हाइकाचे राहून जाते. त्या ध्येयाच्या परिच्छेदाला खुशाल काट मारा. त्या जागी दोन ओळींत सांगा की तुम्ही कोण आहात व कोणत्या जागेसाठी लिहीत आहात. ‘आयटीआय वायरमन उत्तीर्ण, दोन वर्षे घरगुती वायरिंगचे काम, देखभाल विभागातील जागेसाठी अर्ज’ एवढे पुरे. जाहिरात समोर ठेवावी, तिच्यात जे मागितले असेल आणि आपल्यापाशी असेल, ते वर घ्यावे. मोबाइलच्या टॉवरवर काम करणाऱ्याचा व दुकानात हिशेब लिहिणाऱ्याचा कागद एकच कसा चालेल?

‘सर, अनुभव काहीच नाही, मग लिहू काय?’ असे मुले विचारतात. थोडे खोदून विचारले की कळते, हा मुलगा आठवीपासून सुट्टीत चुलत्यांच्या गॅरेजमध्ये आहे, ती मुलगी आईबरोबर शिवणकाम करते, तिसरा आठवडी बाजारात सुक्या मासळीचे दुकान सांभाळतो. हा अनुभवच आहे. तो मोघम न लिहिता मोजून लिहावा. ‘मेहनती व प्रामाणिक’ हे शब्द प्रत्येक अर्जात असतात, म्हणून ते कोणी वाचत नाही. त्याऐवजी ‘तीन वर्षे दुचाकी दुरुस्ती, इंजिन उघडून बसविता येते’ असे लिहिले की वाचणारा थांबतो. चुलते असले तरी त्यांच्याकडून सहीशिक्क्याचे पत्र घ्यावे.

भाषांच्या बाबतीत तर आपण स्वतःवर अन्यायच करतो. ‘मराठी, हिंदी, उर्दू’ लिहून मोकळे होतो. वारली व कातकरी वस्त्यांत दूध, किराणा, कापड घेऊन फिरणाऱ्या घरांतील मुलांना तेथील बोली सहज समजते, बोलताही येते. आरोग्यसेवा, सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्था, बियाणे विकणाऱ्या कंपन्या यांना पाड्यावर जाऊन बोलू शकणारा माणूस हवा असतो आणि तो त्यांना मुंबईत मिळत नाही. ती बोली येत असेल तर स्पष्ट लिहा. येत नसेल तर लिहू नका, कारण पहिल्याच दिवशी ते उघडे पडते.

काही मुलांची दोन-तीन वर्षे मदरशात गेलेली असतात आणि ती लपविण्याची त्यांची धडपड असते. मग शिक्षणाच्या रकान्यात पोकळी दिसते आणि वाचणारा वाटेल तो तर्क करतो. मुलींचेही तसेच. आईच्या आजारपणात वर्ष गेले, तर ते वर्ष नाहीसे करू नये. ‘अमुक ते अमुक साल, धार्मिक शिक्षण’ किंवा ‘कौटुंबिक कारणाने शिक्षणात खंड’ अशी एक ओळ पुरेशी आहे. मदरशात राहिलेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीची परीक्षा देता येते, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

आता नाजूक मुद्द्याकडे वळतो. ‘अर्ज कितीही चांगला लिहिला तरी नाव वाचून बाजूला ठेवतात’, असे आपल्यातील अनेकजण बोलतात. ही नुसती समजूत नव्हे. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४८०८ अर्ज पाठविले. शिक्षण व अनुभव समान, फरक फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली, आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. हे आकडे मी मुलांना सांगतो, कारण उत्तर आले नाही की मूल स्वतःलाच नालायक समजू लागते.

मग नाव झाकावे काय? फ्रान्समध्ये २००६ साली मोठ्या कंपन्यांत निनावी अर्ज घेण्याचा कायदा झाला. पुढे २००९-१० मध्ये प्रयोग करून पाहिले, तर प्रयोगात सामील झालेल्या कंपन्यांत परदेशी मुळाच्या उमेदवारांना निनावी अर्जामुळे उलट कमी बोलावणी आली. एक कारण असे सांगितले गेले की, नाव-गाव दिसत असताना वाचणारा त्यांच्या शिक्षणातील खंड समजून घेत असे, ते झाकल्यावर उणीव तेवढी उरली. २०१५ मध्ये ती सक्ती काढण्यात आली. माझे मत स्पष्ट आहे. नाव तोडू नये, आद्याक्षरांत लपवू नये. मुलाखतीत प्रमाणपत्रे दाखवावीच लागतात, आणि तेव्हा लपविल्याचा बोल तुमच्यावर येतो. त्याऐवजी दोन मार्ग धरावेत. जेथे लेखी परीक्षेच्या गुणांना महत्त्व आहे, उदाहरणार्थ बँका, रेल्वे, स्टाफ सिलेक्शन कमिशन, तेथे अर्ज अवश्य करावा. आणि खासगीत इतरांनी दहा अर्ज केले तर आपण तीस करावेत. हा न्याय नाही, हे मी जाणतो. पण अन्याय दूर होईतो घरी बसणे परवडणारे नाही.

नाव लपवू नये, मात्र ते सर्वत्र एकसारखे असावे. मोहम्मद, मुहम्मद, महंमद आणि नुसते ‘मो.’ अशी एकाच मुलाची चार रूपे चार कागदांवर असतात. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. मूल शाळेत असेतोवर मुख्याध्यापकांकडून दुरुस्ती करून घेणे सोपे. दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा छापले गेले की मंडळाच्या वाशी येथील विभागीय कार्यालयाचे हेलपाटे आले. पालकांनो, आपले मूल आठवी-नववीत असेल तर या आठवड्यातच दाखला, आधार आणि शाळेचे रजिस्टर शेजारी ठेवून ताडून पाहा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. कागद एक पानाचा, फार तर दोन. शेवटचे शिक्षण वर, जुने खाली. ई-मेलचा पत्ता स्वतःच्या नावाचा असावा. ‘किंग खान ७८६’ मित्रांत शोभते, कारखान्यात नाही. आपल्या पाड्यांवर फोनची रेंज मिळेलच असे नाही, म्हणून बाजारपेठेतील एखाद्या नातेवाइकाचा दुसरा क्रमांक त्याला विचारून द्यावा आणि ‘माझ्यासाठी फोन येईल, नाव व वेळ लिहून ठेवा’ असे त्याला सांगून ठेवावे. नोकरी देतो म्हणून कोणी आधी पैसे मागितले तर देऊ नयेत. आखाती देशांत जाणाऱ्यांनी एजंट सरकारी नोंदणीचा आहे की नाही ते ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावे.

कोणत्या कंपनीला कोणत्या तारखेस अर्ज पाठविला, याची एक वही ठेवा. दोन आठवड्यांत उत्तर न आल्यास एकदा फोन करावा, आणि काय सांगितले ते त्याच ओळीपुढे लिहून ठेवावे.