सुगीच्या दिवसांतलं गाणं



'ऑर्केस्ट्रा' हा शब्द आपल्या सातारा-सांगलीकडच्या गावात उच्चारला, की एक ठरलेलं चित्र उभं राहतं. यात्रेचा मांडव, रंगीत दिवे, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड आणि सिनेमातली जुनी-नवी गाणी गाणारे दोघे-चौघे. मुंबईत नरिमन पॉइंटला हाच शब्द वेगळ्या अर्थानं चालतो. तिथल्या एनसीपीएमध्ये २००६ साली 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' उभा राहिला. त्याचे हंगाम असतात, आणि हंगामाचा कार्यक्रम आधी छापून येतो. कोणत्या तारखेला बीथोवनची कोणती सिम्फनी, कोणत्या तारखेला मोझार्ट, हे रसिकाला घरबसल्या कळतं.

अशा वाद्यवृंदांपुढे एक प्रश्न फार जुना आहे. नुसत्या अभिजात संगीतावर सभागृह भरतं का? अमेरिकेत बोस्टन शहराचा वाद्यवृंद १८८१ साली सुरू झाला आणि चारच वर्षांनी, १८८५ साली, त्याच वादकांनी उन्हाळ्यात हलक्याफुलक्या संगीताच्या मैफली सुरू केल्या. त्यांनाच पुढे 'पॉप्स' हे नाव पडलं. थंडीत गंभीर संगीत, उन्हाळ्यात लोकांच्या आवडीचं. वादकांना काम मिळालं आणि लोकांना करमणूक.

हे सगळं मी का सांगतोय? कारण आपल्या मुलखातही एक हंगाम आहे. तो एका दिवसाचा आहे, त्याला सिम्फनी माहीत नाही, पण तो बोस्टनचाच प्रश्न उराशी घेऊन बसला आहे. मी बोलतोय औंधच्या संगीत महोत्सवाबद्दल.

खटाव तालुक्यातलं औंध आपण ओळखतो ते डोंगरावरच्या यमाईमुळे आणि भवानी वस्तुसंग्रहालयामुळे. एके काळी ते संस्थान होतं आणि त्याचा मुलूख आजच्या सातारा-सांगलीत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत, सूर्यनमस्काराचा प्रचार करत. १९३९ साली या संस्थानानं, महात्मा गांधींच्या सल्ल्यानं, राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना स्वीकारली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४० साली, औंध दरबारचे गवई पंडित अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, यांनी शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ इथं संगीताचा उत्सव सुरू केला. घटनेमुळे उत्सव झाला असं मी म्हणणार नाही. पण एका वर्षी राज्य दरबाराबाहेर आलं आणि पुढच्या वर्षी गाणं, हा योग मला मोलाचा वाटतो. अश्विन वद्य पंचमीला, कोजागरी उलटून पाच दिवसांनी, हा उत्सव भरतो. ऐंशीहून अधिक वर्षं झाली. प्रवेशाला तिकीट नाही.

अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. बाळकृष्णबुवांची गोष्ट आपल्याकडे गाणाऱ्या घरांतून अजून सांगतात. गाणं शिकायचं म्हणून हा माणूस घर सोडून उत्तरेला गेला, ग्वाल्हेर घराण्याचे वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे राहिला आणि ती गायकी घेऊन महाराष्ट्रात परतला. वासुदेवबुवा हे हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्या तालमीतले. म्हणजे औंधच्या उत्सवाची मुळं शोधत गेलो, की दोन जोशी आणि एक इचलकरंजीकर ओलांडून आपण दोन खाँसाहेबांच्या दारात पोचतो. तिथं कुणी कुणाची जात-जमात विचारली नाही, फक्त सूर लागतो का ते विचारलं. माझ्यासारख्या मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमानाला या वाटेवर परकं वाटत नाही ते यामुळेच.

अंतूबुवांचे चिरंजीव गजाननबुवा यांनी तर दारं आणखी उघडली. घरात ग्वाल्हेरची गायकी असताना ते रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकले, जयपूर-अत्रौलीच्या भूर्जीखाँसाहेबांकडे शिकले आणि आग्रा घराण्याच्या विलायत हुसेनखाँसाहेबांकडेही शिकले. शिवाय ते व्हायोलिन वाजवत. विचार करा, हे साहेबाच्या देशातलं वाद्य. तिकडच्या वाद्यवृंदात वीस-पंचवीस व्हायोलिनं एका ओळीनं बसतात, समोर छापलेली स्वरलिपी असते आणि सगळे गज एकाच वेळी एकाच दिशेला फिरतात. गजाननबुवांनी तेच वाद्य मांडी घालून एकट्यानं वाजवलं आणि त्यातून ख्यालाची बढत केली. आकाशवाणीतही त्यांनी नोकरी केली, हे या माध्यमातून बोलताना आवर्जून सांगायला हवं. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर, अरुण कशाळकर ही त्यांच्याकडे शिकलेली मंडळी. बुवा १९८७ साली गेले, पण घरातलं गाणं थांबलं नाही. त्यांची नात अपूर्वा गोखले आज त्याच परंपरेतून गाते.

आता मुंबईच्या छापील कार्यक्रमाशेजारी औंधची पत्रिका ठेवून बघा. औंधच्या पत्रिकेवर कलाकारांची नावं असतात, साथीदारांची असतात, वेळ असते. काय गाणार, ते मात्र नसतं. ते असायचं कारणही नाही. सकाळच्या सत्रातला गवई तोडी घेईल की बिलावलाचा एखादा प्रकार, हे तानपुरे जुळल्यावर, समोरची माणसं पाहिल्यावर आणि आपला गळा त्या दिवशी काय म्हणतो ते ऐकल्यावर ठरतं. दुपारी सारंग, दिवेलागणीला मारवा किंवा श्री, रात्री बागेश्री, मालकंस. दिवस जसा उतरत जातो तसे राग बदलत जातात. शहरांत हा क्रम आता पुरा होत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर उघड्या मांडवातले ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होऊ लागले. पुण्याचा १९५३ पासूनचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा, त्यालाही वेळा बदलाव्या लागल्या. उत्तररात्रीच्या रागांना शहरात जागाच उरली नाही. म्हणून सकाळ, संध्याकाळ आणि रात्र अशा सत्रांतून चालणारा औंधचा दिवस मला महत्त्वाचा वाटतो.

इथवर झालं कौतुक. आता मनातली काळजी सांगतो.

गेल्या वर्षी रहिमतपूरच्या स्टँडवर एक ओळखीचा तरुण भेटला. ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो, बोटांना ग्रीस लागलेलं. मी म्हटलं, "काय रे, येतोस का औंधला गाण्याला?" तो हसला. म्हणाला, "चाचा, तिथं समजणारी माणसं बसत्यात. आमचं काय काम? यात्रेत ऑर्केस्ट्रा आला की आम्ही हायेच की."

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, आणि तेच मला अधिक लागलं. दार उघडं आहे, तिकीट नाही, तरी शेजारच्या गावातला पोरगा समजून चाललाय की हे आपल्यासाठी नाही. पुण्या-मुंबईहून रसिक गाड्या करून येतात आणि खटाव-कोरेगावचा माणूस रस्त्यावरून पुढं जातो. दरबारातून बाहेर आणलेलं गाणं पुन्हा एका नव्या दरबारात जाऊन बसलं, तर अंतूबुवांनी केलेल्या कामाचं काय राहिलं?

यावर एक उपाय पुष्कळ जण सुचवतात. म्हणतात, एक सत्र सिनेसंगीताचं ठेवा, गर्दी होईल. म्हणजे बोस्टनचाच मार्ग. मी सिनेसंगीताला कमी लेखणारा माणूस नाही. पण गळाला आमिष लावावं तसं एका गाण्याला लावून दुसरं गाणं विकायचं, हे मला पटत नाही. सिनेमाच्या गाण्याला आलेली माणसं सिनेमाचं गाणं संपलं की उठतील, आणि त्यांचा त्यात काही दोष नसेल.

शिवाय महाराष्ट्रात 'शास्त्रीय' आणि 'लोकांचं' यांच्यात बोस्टनसारखी भिंत कधी नव्हतीच. १९११ साली 'मानापमान' रंगभूमीवर आलं, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. १९१६ च्या 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. भास्करबुवा म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांपर्यंत जाऊन शिकलेले गवई. त्यांनी रागातल्या बंदिशी नाटकात आणल्या आणि त्या बाजारात, माजघरात, माडीवर गायल्या गेल्या. गाणाऱ्यांना राग ठाऊक होता असं नाही, पण कान तयार झाला.

आपल्या गावातला कानही तयारच आहे, हे त्या ट्रॅक्टरवाल्या पोराला कुणी सांगितलेलं नाही. त्याच्या गावात भजनी मंडळ आहे. एकादशीला तिथं पखवाज वाजतो, वीणा असते, पेटी असते. तिथला म्हातारा अभंग धरतो तो भूपात असतो, भीमपलासात असतो आणि शेवटी भैरवी होते. उरसात कव्वाल गातात तेव्हा एक ओळ दहा तऱ्हांनी फिरवून पुन्हा समेवर आणतात आणि माणसं "वाहवा" म्हणतात. ख्यालात याहून निराळं काय असतं? एक ओळ असते, तिला शंभर वाटांनी नेऊन पुन्हा घरी आणायचं असतं. 'समजणारी माणसं' म्हणून जी कुणी वेगळी जमात आपण मानतो, तिच्यात हा पोरगा जन्मापासूनच आहे. त्याला फक्त ओळख करून द्यायला हवी.

ती कशी द्यावी, याबद्दल दोन-तीन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, गाणाऱ्यानं सुरुवातीला दोन मिनिटं बोलावं. रागाचं नाव सांगावं आणि बंदिशीचे शब्द गद्यात, सावकाश म्हणून दाखवावेत. मी शब्दांचा माणूस, म्हणून मला हे फार वाटतं. या बंदिशी बहुतेक व्रज भाषेत असतात आणि आलापीत शब्द विरघळून जातात. त्या लिहिणाऱ्यांची नावंही त्यांतच गुंफलेली असतात, गझलेत तखल्लुस असतं तशी. 'सदारंग' म्हणजे दिल्लीच्या मुहम्मदशहाच्या दरबारातले नियामतखाँ. 'प्राणपिया' म्हणजे गजाननबुवांचे गुरू विलायत हुसेनखाँ. खाँसाहेब राधा-कृष्णाच्या होरीवर लिहितो आणि बुवा ती औंधात बसून गातो. ही गोष्ट नुसती सांगितली, तरी ऐकणारा पुढं सरकून बसेल.

दुसरी गोष्ट सुगीची. अश्विन वद्य पंचमी म्हणजे आपल्याकडे कामाचे दिवस. सोयाबीनची मळणी असते, रब्बीच्या ज्वारीचं रान असतं. दिवसाच्या सत्राला शेतकरी येणार कसा? तो मोकळा होतो तो जेवणवेळेनंतर. तेव्हा रात्रीच्या सत्राची सुरुवात त्याच्यासाठी असावी. जाणत्या गवयानं त्या वेळी एखादा ओळखीचा राग छोटेखानी गावा आणि त्यालाच जोडून अभंग म्हणावा. एरवी हा अभंग मैफलीच्या शेवटी येतो आणि तोवर गावकरी घरी गेलेला असतो. तो आधी आला तर शास्त्राचं काही बिघडत नाही.

तिसरी गोष्ट शाळांची. सकाळच्या सत्राला आसपासच्या शाळांतली पाचवी-सहावीची मुलं आणून पुढं बसवावीत. सगळी बसणार नाहीत, चुळबूळ करतील. चालेल. तानपुऱ्याच्या चार तारा एकदा जवळून ऐकलेल्या मुलाला तो आवाज पुढं कुठंही ओळखू येतो.

आणि हे सारं आयोजकांवर ढकलून आपण मोकळे होऊ नये. बिनतिकिटाचा उत्सव चालवणं किती जिकिरीचं असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक. आपल्या बाजूनं एवढंच करता येईल, की येताना एका न येणाऱ्या माणसाला सोबत आणावं. शेजाऱ्याला, मळ्यातल्या गड्याला, सुनेला, नातवाला. त्याला आधी राग शिकवायला बसू नका. सांगा, अर्धा तास बस, नाही रुचलं तर ऊठ. ज्याला उठायची मुभा असते तो सहसा उठत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्या तरुणाला मी यंदाचं आमंत्रण आधीच दिलं आहे. तो म्हणाला, मळणीयंत्रं बिघडली नाहीत तर बघू. मी म्हटलं, रात्री ये, यंत्रंही तेव्हा झोपलेली असतात.

श्रोतेहो, कोजागरीनंतरची पंचमी कॅलेंडरात पाहून ठेवा. औंधला एसटी जाते.

नमस्कार.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)