पिस्तुलाची मूठ आणि तपासणीची पेटी

एका बचत गटाकडून विचारणा आली होती. गटातल्या एका ताईंची मुलगी दहा मीटर एअर पिस्तूल शिकते. कुणीतरी आपलं जुनं पिस्तूल विकतंय. नवं परदेशी घ्यायचं तर लाखाच्या वर जातं, म्हणून गटातून कर्ज काढून जुनं घ्यावं का, असा प्रश्न आहे. मी जिल्ह्याच्या स्पर्धांत साहित्य तपासणीच्या टेबलावर मदतीला बसते. तिथे आईबापांचे चेहरे पडलेले बघते ते बहुतेक एकाच कारणाने. पैसे भरलेले असतात, मुलीचा नेम चांगला असतो, आणि पिस्तूल नियमात बसत नाही.

आधी खेळ काय आहे ते सांगते. दहा मीटरवर कागदाएवढं लक्ष्य असतं. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. एका हाताने, हात लांब करून, कशाचाही टेकू न घेता पिस्तूल धरायचं. पंचाहत्तर मिनिटांत साठ गोळ्या मारायच्या. खरी परीक्षा हात स्थिर राहण्याची आहे. पिस्तुलातच असं काही बसवलं की हात आपोआप स्थिर राहील, तर मग खेळ कुणाचा, मुलीचा की पिस्तुलाचा? सगळे नियम या एका प्रश्नातून निघालेत.

पूर्वी लोकांनी करामती केल्याच. १९५० च्या दशकात सोव्हिएत कारागिरांनी एक पिस्तूल बनवलं, त्याची नळी खाली आणि मूठ वर. गोळी सुटताना नळी वर उसळते, ती उसळू नये म्हणून ही युक्ती. पुढे पंचवीस मीटरच्या पिस्तुलासाठी नियम आला की नळीची मधली रेषा अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्याच्या वरूनच गेली पाहिजे. संपली करामत.

आता आपल्या कामाचं. एअर पिस्तूल साडेचार मिलिमीटर छऱ्याचं. वजन सगळं धरून जास्तीत जास्त दीड किलो. आणि तपासणीला एक पेटी असते, आतून ४२० मिलिमीटर लांब, २०० उंच आणि ५० रुंद. पिस्तूल मुठीसकट तिच्यात बसलं पाहिजे. पंचवीस मीटरच्या पिस्तुलाची पेटी त्याहून लहान, ३०० बाय १५० बाय ५०, आणि वजनाची मर्यादा चौदाशे ग्रॅम. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं ते याच पंचवीस मीटरच्या प्रकारात. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांचं पिस्तूलही अशाच पेटीतून गेलेलं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुठीचा. खुरप्याची मूठ आपण आपल्या हाताला बसेल अशी करून घेतोच ना? पिस्तुलाची मूठही लाकडी असते, आणि ती घासायला, लाकडाची लुगदी लावून भरायला पूर्ण मुभा आहे. पण तळहाताच्या खाली जी फळीसारखी टेकण असते, तिचा मुठीशी कोन नव्वद अंशांपेक्षा कमी नको, आणि ती वर वळून हाताला कवेत घेणारी नको. मनगटाला तर मुठीचा स्पर्शही आधार म्हणून चालत नाही. एका मुलीच्या वडिलांनी गावच्या सुताराकडून फार देखणी मूठ करून आणली होती. फळीची कड मात्र वाटीच्या काठासारखी वर आलेली. तपासनिसांनी पेन्सिलने रेघ मारून दिली, वडिलांनी कानस मागितली आणि व्हरांड्यात बसून तासभर घासलं. मुलगी खेळली. सुताराकडे जाताना नियमाचा कागद बरोबर न्या, एवढंच मी म्हणेन. त्याच्या हातात कसब आहे, पण नियम त्याला कुणी सांगायचा?

दुसरी गोष्ट चाप. एअर पिस्तुलाचा चाप ओढायला किमान अर्धा किलो जोर लागला पाहिजे, पंचवीस मीटरला एक किलो. तपासताना नळी उभी धरतात, चापाला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवतात आणि उचलतात. वजन उचललं गेलं आणि चाप सुटला नाही तर पास. तीन प्रयत्न मिळतात. हलका चाप सोपा, म्हणून मुलं तो अगदी काठावर ठेवतात. पण स्पर्धेनंतरही चिठ्ठी काढून तपासणी होते, आणि तेव्हा नापास झालं तर खेळाडू बादच होतो. चाप पाचशेच्या थोडा वरच ठेवावा. काठावर ठेवून मिळतं ते फार थोडं, जातं ते सगळं.

नेम धरायची खूण उघडीच हवी. दुर्बीण, आरसा, लेझर यातलं काही चालत नाही. डोळ्याला नंबर असेल तर चष्मा लावा, पण पिस्तुलावर भिंग नको. बूट घोट्याच्या खालचे. आणि हे ऐकून तुम्ही हसाल: ज्या हातात पिस्तूल आहे त्या हातात बांगडी, कडं, घड्याळ, पट्टी काहीही नको, कारण त्याने मनगटाला आधार मिळू शकतो. नवस, ताईत, राखी असेल तर दुसऱ्या हातात बांधा. घरी आधीच बोलून ठेवा, ऐनवेळी टेबलापाशी राखी कापताना मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं.

नियमाने सगळे सारखे होतात असं मी म्हणणार नाही. महागडं पिस्तूल कमी बिघडतं. तरी तेही बिघडतंच. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला मनू भाकरचं पिस्तूल भर स्पर्धेत बंद पडलं, दुरुस्तीत पंधरा मिनिटांहून जास्त वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदकं मिळवली.

आता जुन्या पिस्तुलाचं. सौदा करण्याआधी पेटी, वजन, चाप या तिन्ही गोष्टी प्रशिक्षकांसमोर तपासून घ्या. पण त्याआधी हवेचं सिलिंडर बघा. गॅसच्या टाकीवर आपण तारीख बघतो तशी यावरही बनवल्याची तारीख कोरलेली असते. साधारण दहा वर्षांनंतर ते वापरायचं नसतं, कारण आत दोनशे बारच्या आसपास दाब असतो, ट्रकच्या टायरच्या कितीतरी पट. विकणारा म्हणेल, "अजून हवा धरतंय की." धरत असेल, पण स्पर्धेत ते अडवतात, आणि घरातही ते धोक्याचंच. सिलिंडर नवं घ्यावं लागणार असेल तर तेवढे पैसे किमतीतून आधी वजा करा, मग कर्जाचा आकडा ठरवा. पावती मुलीच्या किंवा आईच्या नावाने, पिस्तुलाच्या नंबरासकट घ्या. आणि पॉइंट टू-टूचं पिस्तूल कुणी "असंच" देतो म्हणाला तर हातही लावू नका, त्याला परवाना लागतो.