फोटोतला गुच्छ आणि दुकानातली फुलं

अमेरिकेतला मुलगा पुण्यातल्या आईच्या वाढदिवसाला संकेतस्थळावरचा फोटो बघून बुके पाठवतो, तेव्हा तो शंभराहून अधिक वर्षं जुन्या एका युक्तीचा फायदा घेत असतो. 1910 साली अमेरिकेतल्या 15 फुलविक्रेत्यांनी आपसात करार केला. एका गावच्या गिऱ्हाइकाची मागणी दुसऱ्या गावच्या दुकानाला तारेने कळवायची, तिथल्या दुकानाने ताजी फुलं घरी पोचवायची आणि पैशांचा हिशेब मागाहून मिटवायचा. यातूनच पुढे एफटीडी नावाने ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. फुलं जागची हलत नाहीत, हलतो तो फक्त निरोप, ही त्यातली खरी गंमत. पण न पाहिलेल्या दुकानाकडून नेमकं काय येणार? यावर कॅटलॉग हा तोडगा निघाला. प्रत्येक गुच्छाला क्रमांक, फोटो आणि किंमत आली. दुकानदारासाठी कृतीही ठरली. गुलाबाच्या काड्या किती, कार्नेशन किती, पानं कोणती, फुलदाणी कोणती, सगळं ठरलेलं.

तेव्हापासून फुलवाल्यांपुढे एक पेच आहे : कॅटलॉगातलं हुबेहूब बनवायचं, की आपल्या हाताचं काही द्यायचं? हा वाद बहुधा कला विरुद्ध धंदा असा रंगवला जातो. मला ती मांडणी पटत नाही. कॅटलॉगाने दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी पक्क्या केल्या. एक म्हणजे भरवसा : इतके पैसे, अमुक दिवस, साधारण एवढा आकार. दुसरी म्हणजे गुच्छातलं प्रत्येक फूल. पहिल्या गोष्टीवाचून लांबचा व्यवहार चालणारच नाही. दुसरी मात्र फुलांच्या स्वभावाविरुद्ध आहे, आणि तिची किंमत कलावंताच्या आधी हिशेबाच्या वहीला मोजावी लागते.

ती वहीच उघडून बघू. अमेरिकेतल्या अशा व्यवहारात रूढ वाटणी साधारण अशी सांगितली जाते : मागणी घेणाऱ्या दुकानाला 20 टक्के, मधल्या संस्थेला 7 टक्के आणि प्रत्यक्ष गुच्छ बांधणाऱ्याला 73 टक्के. म्हणजे 80 डॉलरच्या मागणीतले 58 डॉलर आणि काही सेंट बांधणाऱ्याच्या हाती येतात. फोटो मात्र 80 डॉलरचा असतो. त्यात फोटोतले जांभळट गुलाब त्या दिवशी बाजारात महाग असले, तर फरक दुकानदाराच्याच खिशातून जातो. पाच काड्यांसाठी पूर्ण बंच घ्यावा लागला, तर उरलेल्या काड्या शीतपेटीत पडून माना टाकतात. शेजारीच उत्तम उमललेली शेवंती असते, पण कृतीत तिचं नाव नाही. शिवाय 40 सेंटीमीटरची काडी आणि 60 सेंटीमीटरची काडी, दोन्ही मोजणीत एकेकच. काड्यांचा आकडा जुळतो, गुच्छ जुळत नाही. नाशवंत मालाच्या धंद्यात नफा राहतो तो आज काय ताजं आहे ते बघून निर्णय घेण्यात, आणि हुबेहूब नक्कल नेमका तोच निर्णय काढून घेते.

स्वतंत्र रचनेचं बळ किती, हे लंडनच्या कॉन्स्टन्स स्प्राय यांच्या कामात दिसतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्यांनी रानवेली, बोंडं, केल या भाजीची पानं अशा वस्तू श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेऊन बसवल्या. 1953 साली राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या पुष्परचनेत त्यांचा मोठा वाटा होता. अर्थात त्यांचं गिऱ्हाईक पैसेवालं होतं आणि त्यांच्या नावावर विसंबणारं होतं, हेही सांगायला हवं. कोपऱ्यावरच्या फुलवाल्याला ती चैन नसते.

म्हणूनच आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत. गिऱ्हाइकाने फोटो बघून पैसे भरले. त्याला दुसरंच काही मिळालं, तर ती फसवणूक नाही का? आहेच. यावर उपाय एवढाच, की दुकानाने आपल्याच हातच्या गुच्छांचे फोटो लावावेत आणि रंग, आकार, किंमत यांचंच वचन द्यावं. दुसरा आक्षेप मदर्स डे किंवा 14 फेब्रुवारीच्या गर्दीचा. नवख्या हातांकडून एका दिवसात भराभर गुच्छ बांधून घ्यायचे, तर ठरलेली कृती हवीच. हे मला मान्य आहे. पण ती कृती त्या आठवड्याच्या मालावरून दुकानानेच ठरवावी. तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा : ‘तुमच्या मनाने करा’ म्हटलं, की काही दुकानदार शिळी फुलं खपवतात. खपवतात खरे. पण ठरलेल्या कृतीतही शिळा गुलाब घालता येतोच. तिथे कॅटलॉग राखण करत नाही, दुकानाचं नाव करतं.

आपल्याकडची बाजूही बघू. मावळात, तळेगाव दाभाडे परिसरातले पॉलीहाऊसवाले शेतकरी 14 फेब्रुवारीचा मुहूर्त धरून गुलाबाची छाटणी आखतात. एकसारख्या मागणीचा त्यांना फायदा होतो, हे नाकारून चालणार नाही. पण वर्षाचे बाराही महिने गुलाब, जरबेरा आणि जिप्सोफिलाचाच फोटो खपत राहिला, तर निशिगंधाच्या काड्यांना बुकेवाल्याकडे जागा उरत नाही. आणि गंमत अशी, की हाराच्या बाबतीत आपण कधी कॅटलॉग मागितलाच नाही. दादरच्या फुलबाजारात माणूस ‘शंभराचा हार द्या’ म्हणतो, फार तर ‘झेंडू कमी घाला’ एवढं सांगतो. त्या सकाळी कोणतं फूल कोणत्या भावाने आलंय, हे बघून बाकीचं हारवाला ठरवतो. किंमत गिऱ्हाइकाची, निवड कारागिराची. बुकेच्या दुकानात पाऊल टाकलं, की हीच समजूत आपण का गुंडाळून ठेवतो, कुणास ठाऊक.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी लांबच्या गावी फुलं पाठवायची असतील, तर त्या गावातल्या एखाद्या दुकानाला थेट फोन करा. किती पैशांचं हवं, प्रसंग कोणता, रंग कोणते आणि कोणतं फूल मुळीच नको, एवढं सांगा. आज ताजं काय आलंय ते विचारा, निवड त्यांच्यावर सोडा, आणि गुच्छ घराबाहेर पडण्याआधी त्याचा फोटो मात्र जरूर मागवून घ्या.